यंत्राचं म्हणणं कुठे उतरतं

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज गुरुवार, म्हणजे भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीची सुट्टी. त्यामुळे समोर प्राध्यापक मंडळींच्या बरोबरीने सेटर, ऑपरेटर, टूलरूममधले कारागीर आणि लहान वर्कशॉपचे मालक बसले आहेत. विषय संगणकाचा आहे, पण तो तुमच्या रोजच्या कामातला आहे असं माझं ठाम मत आहे. तेच आज तपशिलाने मांडायचं आहे.

विषय असा. संगणकावर चालणारा प्रोग्रॅम जे लिहितो ते पडद्यावर उमटतं आणि त्याला जे हवं असतं ते तो कीबोर्डवरून घेतो. या दोन्ही वाटा फाइलकडे वळवता येतात. युनिक्स आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर त्यासाठी शाळेतल्या गणितातली दोन चिन्हं वापरतात. आज्ञेपुढे > टाकून फाइलचं नाव दिलं की निघालेला मजकूर पडद्यावर न येता त्या फाइलमध्ये जातो. < टाकलं की प्रोग्रॅम कीबोर्डची वाट न बघता फाइल वाचू लागतो. आयटीआयच्या मुलाला हे पाच मिनिटांत येतं. त्यामागचा विचार मात्र मोठा आहे: आपलं लिहिणं कुठे जाणार हे प्रोग्रॅमला ठाऊक नसावं आणि ते ठरवण्याचा अधिकार प्रोग्रॅम चालवणाऱ्या माणसाकडे असावा.

ही कल्पना आली त्या काळात पडदे सर्रास नव्हते. संगणकापुढे बसायचं म्हणजे बहुधा टेलेटाइप यंत्रापुढे बसायचं. १९६३ साली आलेलं टेलेटाइप मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं कागदावर ठोकत असे. त्याच्या एका प्रकाराला डाव्या अंगाला कागदी फीत वाचायचं आणि फितीला भोकं पाडायचं साधन जोडलेलं होतं. टंकलेलं फितीवर उतरवायचं आणि तीच फीत पुन्हा घालून यंत्राकडून वाचून घ्यायची, ही सोय टर्मिनलमध्येच होती. आपल्या यंत्रकामाच्या बाजूलाही हेच घडत होतं. अमेरिकेतल्या एमआयटीने १९५२ मध्ये अंकांवर चालणारं, म्हणजे एनसी, मिलिंग मशीन दाखवलं, तेही छिद्रांच्या फितीवरच चालायचं. एनसी मशीनची फीत आणि संगणकाच्या टर्मिनलची फीत पुढे इतक्या जवळ आल्या की दोघींनी एकच अक्षरसंहिता वापरली. आज फानुक कंपनीच्या मशीन-कंट्रोलवर ‘आयएसओ’ की ‘ईआयए’ असं विचारणारं जे सेटिंग दिसतं ते त्या फितीच्या दोन संहितांमधली निवड आहे.

बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सला हात घातला. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकात < आणि > दोन्ही सापडतात. मजकूर वळवणं त्यांनीच पहिल्यांदा केलं असं नाही. आयबीएमच्या ३६० मालिकेत कुठली फाइल कुठे जोडायची हे कामासोबतच्या कार्डांवर लिहून द्यावं लागे. सोय होती, पण तिच्यासाठी लिखापढी फार. युनिक्सने ती एका अक्षरावर आणली आणि ज्याच्या हातात कीबोर्ड आहे त्या कोणालाही खुली केली. १९८३ मध्ये एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत हीच चिन्हं आली.

हे आतून कसं घडतं ते थोडं खोलात जाऊन पाहू. युनिक्सवर प्रत्येक चालू प्रोग्रॅमला सुरुवातीला तीन उघडी दारं मिळतात: शून्य, एक आणि दोन. शून्यातून तो वाचतो, एकातून लिहितो, दोनातून तक्रारी सांगतो. दारापलीकडे काय आहे हे त्याला माहीत नसतं. आपली आज्ञा ऐकणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. तुम्ही > लिहिलंत की शेल आधी स्वतःची एक प्रत काढतो. ती प्रत आपलं एक नंबरचं दार बंद करते आणि तुम्ही सांगितलेली फाइल उघडते. नव्या फाइलला नेहमी सगळ्यात लहान रिकामा क्रमांक द्यायचा असा ऑपरेटिंग सिस्टीमचा नियम आहे, म्हणून फाइलला एक हाच नंबर मिळतो. मग ती प्रत स्वतःच्या जागी खरा प्रोग्रॅम आणून बसवते. प्रोग्रॅम जागा होतो तेव्हा सगळं जोडून झालेलं असतं. तो बिचारा नेहमीप्रमाणे एक नंबरवर लिहितो आणि ते फाइलमध्ये पडतं. प्रोग्रॅममध्ये एक ओळही बदलावी लागत नाही. प्रत काढणं आणि नवा प्रोग्रॅम बसवणं या दोन क्रिया वेगळ्या ठेवल्या म्हणून मधल्या फटीत हे करता आलं. संगणकशास्त्रातल्या सुंदर रचनांपैकी ही एक आहे असं मी मनापासून मानतो.

आता आपल्या शॉप फ्लोअरवर येऊ. भोसरीतल्या व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या मशिनिंग सेंटरवर, काम करणाऱ्याला मी सांगेन की तुम्ही वळवण्याचं काम रोज करता. फानुकच्या कंट्रोलमध्ये २० नंबरचा पॅरामीटर आहे. त्यात शून्य किंवा एक टाकलं तर प्रोग्रॅम पहिल्या आरएस-२३२ पोर्टमधून आत-बाहेर जातो. चार टाकलं तर मेमरी कार्डावर आणि नव्या कंट्रोलवर सतरा टाकलं तर यूएसबीवर. मशीनचा प्रोग्रॅम म्हणजे जी-कोड तोच, ‘रीड’ आणि ‘पंच’ ही बटणंही तीच. फक्त वाट कुठली ते ऑपरेटरने एका आकड्यात ठरवलं. हेच < आणि >.

येणाऱ्या वाटेची शिस्त आपल्याकडे चांगली रुजली आहे. जुन्या कंट्रोलची मेमरी फितीच्या मीटरमध्ये मोजत: ८० मीटर, १६० मीटर, ३२० मीटर. फितीच्या एका इंचात १० अक्षरं बसतात, म्हणजे ३२० मीटरमध्ये सव्वा लाखाच्या आसपास. डायच्या त्रिमितीय पृष्ठभागाचा प्रोग्रॅम याच्या कितीतरी पट मोठा असतो, तो तिथे मावणार कसा? म्हणून टूलरूमवाल्यांनी ड्रिप फीड अंगवळणी पाडून घेतलं. मोड स्विच टेपवर किंवा डीएनसीवर ठेवायचा, लॅपटॉपवरून फाइल सोडायची आणि मशीन ती ब्लॉकमागून ब्लॉक वाचत कापत राहतं. कंट्रोलचा बफर भरला की तो डीसी-३ हा संकेत पाठवतो, लॅपटॉप थांबतो. जागा झाली की डीसी-१ जातो, मजकूर पुन्हा वाहू लागतो. टेलेटाइपवर हे दोन संकेत फीत वाचणारं साधन थांबवण्याचे आणि चालू करण्याचे होते. समोरचा लॅपटॉप तयार नसला की ८६ नंबरचा अलार्म येतो, हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे. सेटर मंडळी प्रोग्रॅमचा बॅकअप जिवापाड जपतात, कारण प्रोग्रॅम गेला तर शिफ्ट बसली.

बाहेर जाणाऱ्या वाटेकडे मात्र तितकं लक्ष नाही. माझं आजचं सगळं म्हणणं या एका उणिवेभोवती आहे. मशीन दिवसभर बरंच काही सांगत असतं: प्रोबने घेतलेली मापं, टूलची झीज, आलेले अलार्म. ते पडद्यावर येतं आणि पुढचं आलं की जातं. अलार्म हिस्ट्रीमध्ये शेवटचे ठराविकच राहतात, जुने खालून गळून पडतात. मग कोणीतरी व्हर्नियर किंवा बोअर गेज घेऊन पाचव्या किंवा दहाव्या जॉबचं माप रजिस्टरमध्ये हाताने लिहितं. त्या रजिस्टरबद्दल मला आदर आहे. पण जे मशीनने आधीच मोजलं आहे ते वाऱ्यावर सोडून तेच पुन्हा हाताने लिहायला लावणं हा माणसाच्या कष्टांचा अपव्यय आहे.

प्रत्यक्ष एक उदाहरण पाहू. मशीनवर प्रोब आहे आणि कस्टम मॅक्रो, म्हणजे प्रोग्रॅममध्ये व्हेरिएबल वापरण्याची सोय, चालू आहे असं धरा. जॉबमध्ये २५ मिलिमीटरचा बोअर आहे. प्रोब बोअरमध्ये उतरतो आणि जी-३१ ने एका बाजूला सरकतो. भिंतीला टेकला की हालचाल तिथेच तुटते आणि त्या क्षणाचा एक्स ५०६१ नंबरच्या व्हेरिएबलमध्ये येतो. मग दुसऱ्या बाजूला तसंच. दोन आकड्यांची वजाबाकी करायची, त्यात प्रोबच्या गोळीचा कॅलिब्रेट केलेला व्यास मिळवायचा, की बोअरचा व्यास मिळाला. तो ५०० नंबरमध्ये ठेवायचा. शंभरच्या घरातली व्हेरिएबल वीज गेली की रिकामी होतात, पाचशेच्या घरातली टिकतात, म्हणून ५००. यापुढे तीन ओळी लिहायच्या: पीओपन, डीप्रिंट, पीक्लोज. डीप्रिंटच्या कंसात व्हेरिएबलचा नंबर आणि दशांशचिन्हाच्या आधी किती अंक, नंतर किती, ते द्यायचं. पोर्टमधून ‘२५.०१२’ असा मजकूर बाहेर पडतो.

त्यातली पीओपन ही ओळ पोर्टवर डीसी-२ हा संकेत पाठवते, पीक्लोज डीसी-४ पाठवते. टेलेटाइपवर यांचा अर्थ होता फितीचं पंच चालू करा, पंच बंद करा. कागदी फीत आपल्या पट्ट्यातून केव्हाच हद्दपार झाली, तरी मशीन अजून पंच चालू करायला सांगतं आणि मगच माप सांगतं. युनिक्सचं > आणि भोसरीच्या मशीनचं डीप्रिंट या एकाच घराण्यातल्या गोष्टी आहेत. तुमचं काम आणि संगणकशास्त्र वेगळं आहे असं कोणी सांगितलं तर त्याला हे दाखवा.

आता ते २५.०१२ झेलायचं कुठे? लिनक्स चालणारा एखादा जुना लॅपटॉप किंवा तळहाताएवढा स्वस्त बोर्ड पुरतो. लिनक्सच्या लेखी सीरियल पोर्ट ही सुद्धा फाइलच. तिचा वेग आणि पॅरिटी मशीनशी जुळवून घ्यायची, मग ‘कॅट’ या साध्या आज्ञेपुढे < लावून पोर्टचं नाव द्यायचं आणि पुढे >> लावून फाइलचं नाव. एकाच ओळीत दोन्ही वाटा वळल्या. पोर्टमधून येईल ते फाइलच्या शेवटी जोडलं जात राहील. सोबत ते डीसी-२ आणि डीसी-४ चे न दिसणारे बाइटही येतील. ते नंतर ‘टीआर’ या आज्ञेने काढून टाकता येतात.

मी > न म्हणता >> म्हणालो, ते मुद्दाम. एकेरी चिन्हाने फाइल आधी कोरी होते आणि मग भरायला लागते. कोरी करण्याचं काम शेल करतो, तेही प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधी. म्हणून एखादी फाइल क्रमाने लावून तिच्यातच परत टाकायला गेलं तर हाती रिकामी फाइल येते: क्रम लावणारा प्रोग्रॅम वाचायला पोहोचेपर्यंत वाचण्यासारखं काही उरलेलं नसतं. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने एकेरी चिन्ह टाकून तीच आज्ञा पुन्हा चालवली, तर पहिल्या शिफ्टची मापं गेली. शेलमध्ये ‘नोक्लॉबर’ नावाची सोय आहे, ती चालू ठेवली की असलेली फाइल एकेरी चिन्हाने पुसता येत नाही. वर्कशॉपच्या संगणकावर ती पहिल्या दिवशीच चालू करून ठेवावी.

यापेक्षा लपलेला एक धोका आहे आणि आपल्या भागात तो जास्त महत्त्वाचा, कारण इथे लाइट जाते. सी भाषेची नेहमीची लायब्ररी वापरणारा प्रोग्रॅम समोर टर्मिनल असलं तर ओळ पुरी झाली की लगेच लिहून टाकतो. समोर फाइल असली तर तो मजकूर स्वतःजवळ साठवतो आणि मोठा गठ्ठा झाला की एकदम टाकतो. असा गठ्ठा बहुतेकदा ४०९६ बाइटचा असतो. एका जॉबची ओळ ६० बाइटची धरली तर एका गठ्ठ्यात ६८ जॉब. लाइट गेली की तेवढ्या जॉबची मापं कुठेच नाहीत, आणि पडद्यावर चाचणी घेताना हे कधीच कळणार नाही, कारण तिथे प्रोग्रॅम वेगळा वागतो. कॅट हाती आलेलं लगेच पुढे ढकलतो म्हणून मी तो सुचवला. स्वतःचा प्रोग्रॅम लिहाल तर प्रत्येक ओळीनंतर साठा रिकामा करा. त्यानंतरही ऑपरेटिंग सिस्टीम काही सेकंद मजकूर मेमरीत ठेवते आणि मग डिस्कवर उतरवते. तेवढ्या वेळेला आधार म्हणून यूपीएस हवाच.

आता दोन नंबरच्या दाराकडे येऊ. सुरुवातीला युनिक्समध्ये तक्रारींसाठी वेगळी वाट नव्हती. बेल लॅब्समध्ये फोटोटाइपसेटर आला आणि त्रास सुरू झाला. त्यावरचा लांब कागद वासाच्या रसायनांच्या यंत्रातून धुऊन काढावा लागे, त्यात काही मिनिटं जात. एका दुपारी तिथल्या अनेकांना एकच अनुभव आला: कागद धुऊन बाहेर आला तर त्यावर उत्तम अक्षरजुळणीत एकच ओळ, अमुक फाइल उघडता येत नाही. चुकीची सूचना मुख्य मजकुराच्याच वाटेने छपाईला गेली होती. स्टीव्ह जॉन्सन यांनी ही हकीकत सांगून ठेवली आहे. त्यानंतर काही दिवसांतच तक्रारींना स्वतंत्र वाट मिळाली. तेव्हापासून एक नंबर फाइलकडे वळवला तरी दोन नंबरची तक्रार माणसाच्या डोळ्यांसमोर येते. ‘२>’ लिहून तिला तिची वेगळी फाइलही देता येते.

दोन्ही एकाच फाइलमध्ये हवं असेल तर क्रम सांभाळावा लागतो. आधी > आणि फाइलचं नाव, मग ‘२>&१’. त्याचा अर्थ, दोन नंबरचं दार एक नंबर आत्ता जिथे उघडतं तिथे उघड. उलट लिहिलं तर त्या क्षणी एक नंबर अजून टर्मिनलकडे असतो, म्हणून तक्रारी टर्मिनलवरच जातात आणि फाइलमध्ये फक्त मजकूर उतरतो. शेल डावीकडून उजवीकडे वाचतो, एवढंच त्याचं कारण.

मी मात्र वर्कशॉपमध्ये दोन्ही वेगळं ठेवायच्या बाजूने आहे. मापांच्या फाइलमध्ये अलार्म मिसळला की एक्सेलमध्ये घेताना सगळा तक्ता सरकतो. उलट अलार्म मापांत दडला की मेंटेनन्सवाल्याला तो सापडत नाही. आणि तक्रारींना ‘डेव्ह नल’ नावाच्या अथांग खड्ड्यात वळवायची युनिक्सवाल्यांची जी सवय आहे ती शॉप फ्लोअरवर आणू नका. यंत्राची तक्रार कटकटीची असली तरी ती टाकून देण्याची गोष्ट नाही. ऑपरेटरला डोळ्यांसमोरही हवं आणि फाइलमध्येही हवं असेल तर ‘टी’ ही आज्ञा आहे. प्लंबर पाण्याच्या लाइनला टी टाकून दोन नळ काढतो तशी ती मजकुराला दोन वाटा देते.

पुण्यातल्या संशोधन संस्थांना हे नवीन नाही. सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. महासंगणकावर काम सोपवणारा आजही उत्तर येईपर्यंत पडद्यासमोर बसत नाही. काम रांगेत लागतं, केव्हातरी चालतं, आणि एक नंबरचं एका फाइलमध्ये व दोन नंबरचं दुसऱ्या फाइलमध्ये लिहिलेलं त्याला मिळतं. जे पाषाणच्या प्रयोगशाळेत रीतसर आहे ते भोसरीच्या शेडमध्ये का नसावं? यंत्र इथलंही महागाचं आहे, आणि त्याचं कर्ज फेडणारा माणूस तर जास्त अडचणीत असतो.

चाकणच्या वाहन कारखान्यांनी नोंदी ठेवण्याचा हा प्रश्न टोकदार केला. बजाज ऑटो तिथे आधीच होती. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ महिंद्राचा. मोठ्या गाडीवाल्याला मिळणारा पार्ट अनेकदा भोसरी, तळवडे, चिखलीच्या छोट्या वर्कशॉपमधून दोन-तीन हातांतून पुढे जातो. पार्टसोबत त्याची कागदपत्रं मागितली जातात. तक्रार आली की अमुक बॅचची मापं दाखवा असं विचारलं जातं. ज्याच्याकडे नोंद नाही त्याच्या माथी रिजेक्शन मारणं सोपं असतं. लहान वर्कशॉपवाल्याची बाजू मांडायला त्याच्या मशीनचं म्हणणं त्याच्याजवळ लिहून ठेवलेलं हवं.

यावर आज बाजारात तयार उपाय विकले जातात. मशीनला एक डबा बसवा, दरमहा पैसे भरा, मोबाइलवर डॅशबोर्ड दिसेल. त्यांतले काही उपयोगी आहेत. पण घेण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: माझ्या मशीनमधून निघालेला मजकूर पहिल्यांदा कुठे उतरतो? तो परस्पर दुसऱ्याच्या सर्व्हरवर जात असेल आणि पैसे भरणं थांबवल्यावर जुन्या नोंदी उघडत नसतील, तर वाट कुठली हे ठरवण्याचा अधिकार तुम्ही गमावला. आधी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, वर्कशॉपच्या स्वतःच्या डिस्कवर. तिथून पुढे ज्याला द्यायची त्याला प्रत. हा क्रम मी कोणत्याही परिस्थितीत सोडणार नाही.

मोरवाडीच्या आणि औंधच्या आयटीआयमधून निघणाऱ्या मुलामुलींना हे शिकवावं असा माझा आग्रह आहे. जी-कोड त्यांना येतो. त्याच्या जोडीला डीप्रिंटच्या तीन ओळी, पोर्टचं जुळवणं, >> आणि दोन नंबरचं दार एवढं आलं की ती मुलं मशीन चालवतीलच, शिवाय मशीनने काय सांगितलं तेही दाखवू शकतील.

या फायली ठेवायच्या किती दिवस, हा प्रश्न मालक मंडळी नेहमी विचारतात. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकानुसार पार्ट मंजुरीची आणि टूलिंगची कागदपत्रं, तो पार्ट उत्पादनासाठी आणि सर्व्हिससाठी चालू असेपर्यंत आणि त्यावर एक कॅलेंडर वर्ष ठेवावी लागतात. मापांच्या फायलींनाही हाच हिशोब लावावा असं माझं मत आहे. जागेची काळजी नको. दिवसाला ४०० जॉब, वर्षाचे ३०० दिवस, जॉबला ६० बाइट, म्हणजे वर्षाला ७२ लाख बाइट. १० वर्षांचं मिळून स्वस्तातल्या पेन ड्राइव्हचा कोपराही भरत नाही. फाइलच्या नावात मशीनचा नंबर आणि तारीख घाला, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा म्हणजे यादी आपोआप लागते. रोज नवी फाइल उघडा. संगणकाचं घड्याळ महिन्यातून एकदा तपासा. आणि गुरुवारी मशीन बंद असतं तेव्हा आठवड्याच्या फायलींची एक प्रत वर्कशॉपबाहेर, घरी नेऊन ठेवा.